सर, तुमी बसा ना जी

मोठ्या माणसांना पुष्कळ काही येते. रेशनकार्डात नाव घालता येते, वरातीत नाचता येते, न वाचलेल्या पुस्तकावर अर्धा तास बोलता येते. एकच गोष्ट त्यांना जन्मभर जमत नाही. लहान मूल काही करत असताना त्यांना गप्प उभे राहवत नाही. दहा-अकरा वर्षांचा एखादा पोरगा दोरीला गाठ मारायला बसला की त्याच्या हातांकडे पाहू नये. दोन पावलांवर उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांच्या बोटांकडे पाहावे. ती बोटे हवेतल्या हवेत गाठ मारत असतात. उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. नाटकाच्या विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर जसा प्रत्येक पात्राचे वाक्य ओठांत बोलत असतो, तसे वडील पोराचे बालपण मनातल्या मनात बोलत असतात. पोराची गाठ सुटते त्या क्षणी वडिलांची हवेतली गाठ पक्की बसलेली असते. पण हवेतली गाठ कुणाला दाखवता येत नाही, आणि मग ते नाइलाजाने पुढे होतात. म्हणतात, “आण इकडे.” या दोन शब्दांनी आजवर किती गाठी पक्क्या झाल्या आणि किती मुले दोरी खाली ठेवून निघून गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

वर्धा शहराच्या कडेला सिंदी मेघे, सावंगी मेघे आणि बोरगाव मेघे अशी एकाच आडनावाची गावे बसली आहेत. त्यांतली सावंगी मेडिकल कॉलेजमुळे लांबवर माहीत झाली. आमचे बोरगाव मात्र वर्ध्याच्या खांद्याला खांदा लावून नुसतेच वाढत राहिले. शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे आता दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचूनच समजते. तरीही घरांच्या शेवटच्या रांगेपलीकडे गेले की हिवाळ्यात तूर पिवळी फुललेली असते, वेचणी होऊन गेलेल्या पऱ्हाट्यांवर चुकार कापसाची एखादी चिंधी लोंबत असते, आणि सकाळचे धुके उठायला आळस करत असते. अशा सकाळी इथल्या एका शाळेच्या मैदानावर स्काउटचे पथक जमते. त्याचे स्काउट मास्तर माझे जुने स्नेही आहेत. मी त्यांच्यासोबत जातो तो कुठल्याही पदावर नाही. त्यांच्याकडे एक जास्तीची खुर्ची असते, तिला कुणीतरी लागते.

या मास्तरांनी एक दिवस पथक पोरांच्या हाती देऊन टाकायचे ठरवले. निवृत्तीचे वर्ष जवळ आले की माणसाला संन्यासाची छोटी छोटी प्रात्यक्षिके करावीशी वाटतात, त्यातला हा प्रकार असावा असे मला आधी वाटले. त्यांनी आपली शिटी पोरांमधल्याच मोठ्या संघनायकाला दिली. शिटीची पांढरी दोरी मात्र गळ्यातच राहिली. पुढे कित्येक दिवस मैदानावर काही बिनसले की त्यांचा हात छातीशी जायचा, दोरीच्या टोकापर्यंत घसरायचा आणि तिथे काही नाही हे कळून परत यायचा. तोंड गुंतलेले राहावे म्हणून ते वर्तमानपत्र आणू लागले. ते पत्र त्यांना तीन-तीन तास पुरते, कारण त्याचे पान उलटत नाही.

तसे पाहिले तर मास्तर नवीन काहीच करत नव्हते. अगदी जुने तेच करत होते. स्काउट चळवळीच्या मुळाशी पोरांचाच कारभार आहे. दक्षिण आफ्रिकेत 1899 ते 1900 मध्ये मेफकिंगला वेढा पडला, तेव्हा शहरात माणसे कमी पडू लागली. निरोप पोचवायला, टपाल वाटायला, पहाऱ्यावर उभे राहायला तिथल्या मुलांची तुकडी उभी करण्यात आली. तिचा नायकही एक मुलगाच होता, वॉर्नर गुडइयर, वय तेरा. गोळीबारातून सायकलवर निरोप नेणाऱ्या एका मुलाला सेनापती बेडन-पॉवेल यांनी हटकले, तर त्याचे म्हणणे असे, की आपण इतक्या जोरात पायडल मारतो की गोळी आपल्याला गाठूच शकत नाही. ही हकिकत बेडन-पॉवेल यांनीच पुढे लिहून ठेवली. आपल्यापैकी कुणी तिथे असता तर त्या मुलाची सायकल काढून घेतली असती, आणि बरोबरच केले असते. पण सेनापतींच्या मनात दुसरेच काही रुजले. मुलावर खरे काम सोपवले की मूल खरे होते, एवढे त्यांनी त्या वेढ्यातून बरोबर आणले.

पुढे 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरवले. काही मुले ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्यांचे चार संघ केले. लांडगा, बैल, कावळ्याच्या कुळातला रेव्हन आणि वाकड्या चोचीचा कर्लू. प्रत्येक संघावर एक मुलगाच नायक. सकाळी कुडू हरणाचे लांब पिळदार शिंग फुंकले जाई आणि दिवस सुरू होई. संघाचे काय चुकले, काय साधले, त्याचा जाब नायकाला. मोठी माणसे होती, पण थोडी, आणि बऱ्यापैकी बाजूला.

मला याहून गंमतीचे वाटते ते पुढचे वर्ष. 1908 च्या जानेवारीपासून बेडन-पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ पंधरवड्याच्या हप्त्यांनी निघू लागले. ते पोरांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांनी विकत घेतले, आपापल्या गल्लीत संघ बांधले, काठ्या जमवल्या, आणि मग गावभर एखादे चांगले मोठे माणूस शोधत फिरले, आमचा स्काउट मास्तर होता का म्हणून. जरा डोळ्यांसमोर आणा. दार वाजते, बाहेर सात-आठ उघड्या गुडघ्यांची मुले, आणि त्यांना देणगी नको, चेंडू नको. त्यांना एक प्रौढ मनुष्य हवा आहे, जरुरीपुरता. पुढच्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला, अकरा हजारांच्या आसपास मुले जमली, आणि त्यांत न बोलावता काही मुली येऊन उभ्या राहिल्या. आम्हीही स्काउट आहोत, म्हणाल्या. त्यांच्यासाठी गाईडची सोय मोठ्यांना नंतर, 1910 साली करावी लागली. म्हणजे या चळवळीत मोठी माणसे पुढे आणि मुले मागे अशी रांग सुरुवातीला नव्हतीच. मुले पुढे पळत होती आणि मोठी माणसे टोप्या सावरत त्यांना गाठत होती.

आपल्याकडे स्काउट 1909 मध्ये बंगलोरला आले, पण गोऱ्या मुलांसाठी. हिंदी पोराच्या हातात काठी, कमरेला दोरी आणि डोक्यात स्वतः निर्णय घेण्याची सवय, हे मिश्रण सरकारला झेपण्यासारखे नव्हते. मग शाहजहानपूरला श्रीराम वाजपेयींनी आपले स्वतंत्र पथक काढले, मद्रासला ॲनी बेझंट यांनी हॅटऐवजी फेटा बांधलेले हिंदी स्काउट उभे केले, अलाहाबादकडे मालवीय आणि कुंझरू यांची सेवा समिती कामाला लागली. एवढ्या सगळ्यांचा संसार एकत्र यायला स्वातंत्र्य यावे लागले. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली, आणि गाईड संघटना पुढच्या वर्षी तीत आली. साहेबाला हिंदी मुलांनी स्वतः ठरवण्याची जी धास्ती होती ती साहेबाबरोबर गेली असे समजायला हरकत नाही. नंतरची धास्ती आपली स्वतःची.

तिचे दर्शन मेळाव्यात घडते. कुठल्याही जिल्ह्यातला, कुठल्याही वर्षाचा मेळावा घ्या. मंडपात, सावलीत, गाद्यांच्या खुर्च्यांवर मोठी माणसे बसलेली असतात आणि समोर उन्हात, धुळीत, मुले. गळ्यातले स्कार्फ घामाने ओले. व्यासपीठावरून एकामागून एक वक्ते मुलांना सांगतात, की तुम्ही नेतृत्व केले पाहिजे. मुले मान हलवतात. कुणी हललेच तर एक शिक्षक धावत येऊन त्याला नीट बसवतात. मग अहवाल लिहिला जातो. त्यात ‘विद्यार्थ्यांनी स्वयंस्फूर्तीने’ हे शब्द असतातच, आणि ते दरवर्षी एकाच शिक्षकाच्या एकाच वळणदार अक्षरात असतात. मी असा एक अहवाल पाहिला आहे ज्यात स्वयंस्फूर्ती वेळापत्रकात घातली होती, जेवणानंतर, तीन ते साडेतीन.

हे केवळ स्काउटचे नाही. आमच्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तो चालत आला आहे म्हणतात. आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तर फार नावाजलेला. लाकडी नंदी चाकांवर, त्याला दोरी, दोरीला मूल, आणि मूल घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरते. पण आता नंदी मोठे झाले. बक्षीस लागले. परीक्षक आले. रंग वडील देतात, झूल आई शिवते, देखावा काका उभा करतात आणि नंदी इतका भारी होतो की तो ओढायलाही मोठीच माणसे लागतात. मूल नवे कपडे घालून शेजारी चालते, फोटोत यावे म्हणून. भुलाबाईचे मात्र अजून वाचले आहे. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी आपल्या आपण जमतात, गाणी म्हणतात, डबा हलवून आत खाऊ काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करतात. खारे की गोड, इथपासून उलटतपासणी चालते. तिथे अजून परीक्षक पोचलेले नाहीत. कुणाला सांगू नये.

आणि सेवाग्राम तर इथून हाकेच्या अंतरावर. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला. पुढे आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी सेवाग्रामला जी शाळा चालवली तीत सफाई, स्वयंपाक, कताई, शेती आणि त्या सगळ्याचा हिशेब हाच अभ्यास होता. मुलांची सभा भरे, कामांचे प्रमुख मुलेच निवडत. भाजीत मीठ किती आणि महिन्याला धान्य किती, हा गणिताचा तास. मला त्या गणितातल्या चुका खाव्या लागणाऱ्या लोकांविषयी फार आदर वाटतो. देशातली मोठमोठी माणसे जिथे येऊन जात तिथल्या स्वयंपाकघराचा हिशेब पोरांच्या हाती देणे याला छाती लागते. आपण आज घरातला गॅस पेटवायला सोळा वर्षांच्या मुलाला देत नाही.

तर आमच्या मास्तरांच्या पथकाचे एक दिवसाचे शिबिर ठरले. ठरले म्हणजे पोरांनी ठरवले. जागा गावाबाहेरच्या एका शेताच्या धुऱ्यावर, कडुनिंबाखाली, आणि जेवण रोडगे नि वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजणे हे अनुभवी हातांचे काम. बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. दोन्ही बाजूंनी माणसाला फसवणारा असा पदार्थ दुसरा नाही. पहिला तंबू उभा राहिला तो साष्टांग नमस्काराच्या तयारीत असल्यासारखा. मास्तरांचा हात छातीशी गेला. मोठा संघनायक, आठवीतला, ओठावर नुकती मिशीची शाई फुटलेली, तो लांबूनच ओरडला, “सर, तुमी बसा ना जी! आमी पाहून घेतो.” मास्तर बसले. थोड्या वेळाने तोच पुन्हा आला आणि अदबीने म्हणाला, “सर, खुर्ची जरा तिकडं घेता का जी? इकडं धूर येऊन राहिला.” धूर उलट्या दिशेला जात होता. मास्तरांनी वाऱ्याकडे पाहिले, पोराकडे पाहिले, आणि खुर्ची उचलून शेताकडे तोंड करून ठेवली. मीही माझी फिरवली. आम्ही दोघे बराच वेळ तुरीकडे पाहत बसलो. तूर इतकी निरखून मी जन्मात कधी पाहिली नव्हती.

पाठीमागे मात्र सगळे ऐकू येत होते. वाघ संघ आणि मोर संघ यांच्यात गोवऱ्यांवरून भांडण लागले. “काऊन बे, आमच्या गोवऱ्या काऊन घेतल्या?” मग धाड-धूड, मग शांतता, मग कुणीतरी वांगी चिरता चिरता म्हणत असलेले गाणे. मोठ्यांनी मिटवलेले भांडण लांबते, कारण त्यात कोण बरोबर हे ठरवावे लागते. पोरांनी भांडण मिटवले कारण वांगी करपत होती. दुपारी रस्त्याच्या कडेला दोन-तीन दुचाक्या येऊन थांबल्या. पालक. सहज आलो होतो इकडून, म्हणाले, आणि प्रत्येकाच्या हँडलला डब्याची पिशवी. एका आईने पोळ्या, दुसरीने पुलाव आणि शिवाय गोरस पाकाचा पुडा आणला होता. वर्ध्याच्या माणसाला चिंता वाटली की तो गोरस पाक आणतो. संघनायकाने डबे घेतले, आभार मानले, आणि ते सगळे आम्हा दोघांसमोर आणून ठेवले. “सर, तुमच्यासाठी.” त्यांचे रोडगे ते खाणार होते. एक बाजू कोळसा, एक बाजू कणीक. तुपात बुडवले की फरक पडत नाही, असा त्यांनी निकाल लावला.

पण मास्तरांचा हात छातीशी न जाता जागच्या जागी राहिला तो त्या जेवणानंतर. संघनायकांची सभा बसली होती. तिला स्काउटात कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचे सगळे निर्णय तिथे व्हायचे, आणि मास्तरांनी बोलायचे ते विचारल्यावरच, असा जुना दंडक आहे. मोर संघातला एक लहानगा दरवेळी उशिरा येतो, ही तक्रार होती. मुले न्यायनिवाड्याला बसली की फार कठोर होतात. बेंचवर उभे करण्याची पद्धत आपण सोडली, पण त्यांच्या स्मरणात ती कुठून तरी उतरलेली असते. झेंड्याच्या वेळी त्याला रांगेत घ्यायचे नाही, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने शिक्षा वाढवली. तेव्हा त्या संघाचा उपसंघनायक, जो सहसा बोलत नाही, तो जमिनीवर काडीने रेघा ओढत म्हणाला, “तो वर्ध्यात दूध घालाले जाते बाबासंगं. मग येते.” सगळे गप्प झाले.

शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विषय आला असता तर दोन रस्ते होते. एक, शिक्षा. दोन, पालकांचा अर्ज घेऊन विशेष बाब म्हणून सवलत. म्हणजे तो मुलगा वर्षभर सवलतीचा मुलगा झाला असता आणि सगळ्यांना ते माहीत असते. पोरांनी तिसराच काढला. पथकाची वेळ सातची होती, ती साडेसात केली. सगळ्यांसाठी. कारण वहीत लिहिले नाही. त्या लहानग्याला बोलावून काही सांगितलेही नाही. वेळ बदलल्याचे फलकावर लिहिले, इतकेच. मास्तरांना विचारले तेही शेवटी, ‘चालेल ना जी’ एवढ्यापुरते. मास्तर चालेल म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ते उलटे होते, पण मी बोललो नाही. पुढच्या रविवारी लहानगा सव्वासातलाच मैदानावर हजर होता, आणि निवाडा करणाऱ्यांपैकी दोघे पावणेआठला पळत आले.

मोठ्यांनी अजिबात नसावेच, असे मी म्हणत नाही. धाम नदीला पाणी असते, विहिरींना कठडे नसतात, वैशाखात इथले ऊन माणूस पाडते, आणि शेताच्या धुऱ्यावर साप असतो तो स्काउटचे नियम वाचून आलेला नसतो. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे मास्तरांनी पेपर टाकून धावावे. आमचे मास्तर धावतात, या वयातही. औषधाची पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर, पोहणारा एक माणूस, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलेले असते आणि पोरांना त्याचा पत्ता नसतो. पण आपली बहुतेक धावपळ जिवासाठी नसते. ती तंबू वाकडा दिसतो म्हणून असते, पाहुण्यांसमोर बरे दिसावे म्हणून असते, दहावीच्या वाढीव गुणांच्या कागदावर सही वेळेत व्हावी म्हणून असते, आणि पुष्कळदा फक्त आपली बोटे शिवशिवतात म्हणून असते. वाकड्या तंबूने आजवर कुणाचा जीव घेतल्याचे ऐकिवात नाही. त्यात झोपणाऱ्यांना पहाटे दव लागते, आणि दुसऱ्या खेपेला ते दोरी जरा ताणून बांधतात.

या मार्गशीर्षात पथकाचे पुन्हा शिबिर आहे. जागा पोरांनी शोधली आहे, मास्तर ती एकटे जाऊन पाहून आले आहेत, विहीर लांब आहे. बोरगावच्या आणि आसपासच्या समस्त पालकांना एवढीच विनंती, की रोडगे कच्चे राहतील हे आम्हाला माहीत आहे. कृपा करून डबे आणू नका. अगदीच राहवले नाही तर आणा, पण खुर्च्या घरून आणा. इथे दोनच आहेत, आणि त्या तुरीकडे तोंड करून ठेवलेल्या असतील.